न सुजलेला पाय

“तोंड मीट,” तात्या म्हणाले. भालूनं मिटलं.

तालीम थांबली. पेटीवाल्यांनी बोटं पट्ट्यांवरच ठेवली, तबलजीनं तेवढ्यात तंबाखू मळायला घेतली, आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, तोंडात थर्मामीटर अशा अवस्थेत आमचा राजा लोखंडी खुर्चीवर बसून राहिला. तात्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. मग त्यांनी थर्मामीटर काढला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

“ताप नाही.”

“तात्या, ताप आहे असं मी म्हटलंच नव्हतं. पाय दुखतोय म्हटलं.”

“एवढा दुखत असता तर ताप आला असता. ताप नाही म्हणजे पायही दुखत नाही. ऊठ, पद घे.”

हे तर्कशास्त्र ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी कधी हौशी नाटक मंडळी चालवलेली नाही. आमचं तासगावात संगीत नाटकांचं मंडळ होतं, आणि त्र्यंबकराव शिखरे, म्हणजे तात्या, हे त्या मंडळाचे दिग्दर्शक, व्यवस्थापक आणि सासू. हौशी नटाला तालमीच्या दिवशी जे जे होतं ते पगारी माणसाला जन्मात होत नाही. पोटात कळा येतात, मेव्हण्याची लग्नं निघतात, लांबच्या आत्या जातात. आत्यांवर तात्यांचा इलाज नव्हता. दुखण्यावर होता. कोटाच्या आतल्या खिशात थर्मामीटर असायचा. पारा चढला तर सुट्टी, नाही तर उभं राहायचं. एकदा अरविंद तेरदाळेनं तो गुपचूप गरम चहात बुडवला. तात्यांनी पारा बघितला, टोपी काढली आणि म्हणाले, “अरविंदा, या आकड्याला माणूस जिवंत नसतो. सगळे उभे राहा रे, शांतता पाळू.” आणि खरोखर पाळली.

मी त्या मंडळात प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं हळूच पुरवायची. या कामानं स्वभाव बिघडतो. समोरचा आता चुकणार, या एकाच आशेवर माणूस तीन अंक उभा असतो. पुढे मी वर्तमानपत्रात लोकांची टर उडवण्याचा धंदा केला, त्याचं शिक्षण सगळं तिथलंच.

भालू म्हणजे भालचंद्र उदगावे, एस.टी.त कंडक्टर. आवाज असा, की त्यानं “पुढं सरका” म्हटलं तरी मागच्या सीटवरून कुणीतरी “वाहवा” म्हणायचं. गेल्या पावसाळ्यापासून हा आवाज बसत चालला होता. घसा सुजायचा, सूर फाटायचा. दिवाळीनंतर मात्र तो एकाएकी असा मोकळा झाला, की आम्ही प्राथमिक फेरी जिंकलो आणि आता रविवारी सांगलीत अंतिम फेरी होती. नाटकात भालूला वनवासी राजाचं काम होतं. वनवासात पायात काही नसतं. सेटच्या फळीतून डोकं वर काढलेला एक गंजका खिळा राजाच्या तळव्यात चांगला आतपर्यंत गेला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं, पट्टी झाली होती, आणि आता तो म्हणत होता, “आत कुणीतरी करवत चालवतंय.”

तात्यांनी पट्टी सोडायला लावली. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. तळव्याला खिळ्याएवढं भोक. भोवती लाली नाही, सूज नाही, पुवाचा टिपूस नाही.

“यापेक्षा माझं नाक लाल आहे,” पेटीवाले म्हणाले. त्यांना सर्दी होती.

भालू लंगडत उठला आणि गायला. असा गायला, की त्याच्यावरचा सगळ्यांचा संशय पक्का झाला.

तालीम संपल्यावर तात्यांनी मला बाहेर चिंचेखाली नेलं.

“काटकर, हा फितूर झालाय.”

“कशावरून?”

“परवा स्टँडवर इस्लामपूरच्या मंडळाच्या माणसाशी हसून बोलत होता.”

“तात्या, तो इस्लामपूरच्या गाडीवर असतो.”

“मग तिकीट फाडावं. हसायचं कशाला? कंडक्टर हसताना बघितलायस कधी? ऐन दिवशी पाय धरून बसणार हा. तू नजर ठेव.”

मला नजर ठेवायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाजवळ बस म्हणण्यासारखं होतं. मी दुसऱ्याच दिवशी स्टँडवरच्या उपाहारगृहात भालूसमोर जाऊन बसलो. घशासाठी एरवी तेलकटाला शिवत नसे हा माणूस. त्याच्यापुढे मिसळ होती, शेजारी भजी होती, आणि माझा उपमा येताच त्याकडेही तो आपुलकीनं बघायला लागला.

“हल्ली भूक फार लागते रे,” तो म्हणाला.

“दुखणाईताला भूक लागत नाही, भालू.”

“तेच मलाही कळत नाही. झोप नाही, पाय टेकवत नाही, आणि पहाटे उठून भाकरी शोधतो. शैला डबे वर ठेवायला लागलीय.”

त्याचा चेहराही गोल झाला होता. मूळचा बाभळीच्या शेंगेसारखा माणूस, आता गाल पुरणपोळीसारखे फुगलेले. मी मनात नोंद केली: आजारी माणूस, चेहरा तुकतुकीत. नक्कीच काहीतरी शिजतंय.

आणि शिजत होतंच, असं मला संध्याकाळी दिसलं. अरविंद तेरदाळे रोज तालमीला थर्मास घेऊन यायचा, त्यातला ज्येष्ठमधाचा काढा भालूला स्वतःच्या हातानं द्यायचा. तेरदाळेचं नाटकात काम भालदाराचं. “महाराजांचा विजय असो,” एवढंच. पण राजाची सगळी पदं त्याला पाठ होती. विंगेत माझ्या शेजारी उभा राहून तो ती ओठांतल्या ओठांत म्हणायचा, आणि भालूला सूर लागला की याचा चेहरा पडायचा. असा माणूस काढा करून आणतो आणि आम्ही सगळे इस्लामपूरकडे बघत बसतो! मी त्या दिवशी थर्मासमधला कपभर काढा गुपचूप प्यालो. सकाळी जिवंत उठलो. थोडी निराशाच झाली.

शैलावहिनी घरी आल्या त्या शुक्रवारी. चपला दारातच ठेवून त्या बसल्याही नाहीत.

“भाऊजी, तुम्ही लोक ह्यांना सोंगाडे म्हणता, ते कळलंय मला. म्हणा. पण एक सांगा. गेल्या वर्षी ह्यांच्या अंगठ्यात बोरीचा काटा गेला होता. आठवतं?”

आठवत होतं. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि तात्यांच्या हातातला पारा पाहून सबंध मंडळानं आदरानं सुट्टी दिली होती.

“डास चावला तरी ह्यांना सुपारीएवढी गांधी येते. साध्या काट्याला ताप, सूज, पू, सगळं गणगोत गोळा होतं. आणि आता एवढा खिळा गेला, तर पाय बघा, देवघरातल्या मूर्तीसारखा! रात्री तोंडात उशी कोंबून रडतात हो. मला त्या पायाचाच संशय येतोय.”

पायाचा संशय. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी भालूला सायकलवर डबलसीट घालून डॉक्टर सुलभा मगदूम यांच्याकडे नेलं. बाई आमची नाटकं फुकट बघायच्या आणि आमचे घसे फुकट बघायच्या, असा व्यवहार होता. त्यांनी तळवा चहूबाजूंनी दाबला. एका ठिकाणी बोट टेकताच भालू असा ओरडला की बाहेर बसलेलं एक बाळ रडायचं थांबलं. रक्त समोरच्या लॅबमध्ये गेलं. चिठ्ठी येईपर्यंत बाई भालूच्या पायाकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघत होत्या.

“काटकर, तुमच्या मंडळाला काय वाटतं?”

“मंडळाला वाटतं, माणूस खोटं बोलतोय.”

“माणूस खरं बोलतोय,” चिठ्ठी वाचत त्या म्हणाल्या. “पाय खोटं बोलतोय. रक्तात पांढऱ्या पेशी नको तितक्या आहेत, आणि जखमेपाशी त्यांचा मागमूस नाही. उदगावे, काय औषध घेता?”

“काही नाही.”

“भूक?”

“राक्षसासारखी.”

“झोप?”

“नाही.”

“दिवाळीपासून आवाज कशानं सुटला?”

भालू छताकडे बघायला लागला.

“कसली पुडी घेता? कोण देतं?”

“बाई, तेवढं विचारू नका.”

आमच्याकडे झाडपाल्याच्या औषधाची एक रीत आहे. देणाऱ्यानं पाला सांगायचा नाही आणि घेणाऱ्यानं देणारा सांगायचा नाही. सांगितलं की गुण जातो. शिकलेली माणसंही हे हसत हसत सांगतात आणि गंभीरपणे पाळतात. अंतिम फेरी दोन दिवसांवर आलेली, गळा कधी नव्हे तो लागलेला, आणि या बाई गुणच काढून घ्यायला निघालेल्या.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “पाय आतून सडत असेल तर आधी पाय जाईल, मग तुम्ही. आत्ता मिरजेला चला. आणि मला पुडीचं कळलंच पाहिजे. ती चालू ठेवणं वाईट, एकदम बंद करणं त्याहून वाईट. काय घेताय हे ठाऊक नसताना मी काय करू?”

“रविवार होऊ द्या,” भालू म्हणाला. गोळ्या घेतल्या आणि लंगडत घरी गेला.

बाईंनी मला थांबवलं. “देणारा कोण ते शोधा. तुम्हाला संशय घ्यायची आवड आहे ना?”

मी थेट तेरदाळेचं घर गाठलं. तो गॅलरीत बसून दाढी करत होता.

“अरविंदा, थर्मासमध्ये काय घालतोस?”

“ज्येष्ठमध. का?”

“आणि?”

त्यानं ब्रश खाली ठेवला. अर्ध्या चेहऱ्याला साबण, अर्धा चेहरा लाल.

“काटकर, मी त्याची पदं पाठ केलीत. त्याचं मरण नाही. त्याचा आवाज बसला होता तेव्हा मला राजाचं काम मिळणार होतं. तरी काढा आणला. का आणला, मलाच कळत नाही. तो गातो तेव्हा माझं तोंड उतरतं ते मला तसं येत नाही म्हणून.” मग ब्रश उचलत म्हणाला, “तू काढा प्यालास काय रे? काल कपभर कमी होता.”

मी निघालो. एवढा उत्तम संशयित हातचा गेल्याचं दुःख होतंच.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम. भालू आला तो शैलावहिनींच्या खांद्यावर हात टाकून. तोंडाला रंग होता म्हणून खालचा पांढरेपणा दिसत नव्हता. दुसऱ्या अंकातलं वनवासाचं पद त्यानं घेतलं, आणि सांगतो, तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. पेटीवाले सूर द्यायचे विसरले. शेवटची तान संपली आणि राजा झाडाच्या बुंध्याला टेकला. झाड कापडाचं होतं. दोघेही खाली आले.

तात्या धावले. थर्मामीटर तोंडात. वहिनी त्याचे तळहात चोळत होत्या. मी विंगेतून पुढे आलो. भालूचं अंग गार, घामानं ओलं, दात थर्मामीटरवर वाजत होते.

“ताप नाही,” तात्या म्हणाले, पण या वेळी आवाजात हुकूम नव्हता. “काही नाही, दमलाय. भालू, ऊठ बाळा, एकच अंक राहिला. हे घे, तरतरी येईल.”

आणि त्यांनी कोटाच्या दुसऱ्या खिशातून कागदाची एक पुडी काढली.

मी आयुष्यात असंख्य लोकांवर संशय घेतला आहे. पोस्टमनवर, जावयांवर, एका बिनविरोध निवडून आलेल्या सरपंचावर. तात्यांवर घेतला नव्हता. आई मुलाला घास भरवते तशी ती पुडी ते भालूच्या तोंडाशी नेत होते.

“तात्या,” मी मनगट धरलं, “हे काय आहे?”

“नाव विचारू नये.”

“तुम्ही देता हे? दिवाळीपासून?”

“हळू बोल! गुण जाईल.” त्यांचे डोळे भरले होते. “अरे, माझ्या गुडघ्याचं औषध आहे. मी जिना चढत नव्हतो, आता शेळीसारखा चढतो. याचा घसा सुजलेला बघवेना. माझ्या वाटणीतलं देतोय रे. चोरून नाही देत.”

तेरदाळे तोवर सायकल काढून गेला होता. मगदूमबाई त्यांच्या जुन्या फियाटमधून आल्या त्या पदर खोचूनच. भालूची नाडी बघितली, पुडी उघडून हुंगली आणि तात्यांसमोर उभ्या राहिल्या.

“कुणाची? किती? दिवसातून कितीदा?”

तात्यांनी ओठ घट्ट मिटले. सगळं मंडळ बघत होतं. उद्या अंतिम फेरी होती, आणि या माणसानं उभ्या आयुष्यात तेवढं एकच स्वप्न बघितलं होतं.

“सांगितलं तर त्याचा आवाज जाईल,” ते पुटपुटले.

“नाही सांगितलं तर तो जाईल.”

शैलावहिनींनी भालूचं डोकं मांडीवर घेतलं आणि तात्यांकडे बघितलं. मी त्या नजरेसमोर पूर्ण तीन अंक उभा राहू शकलो नसतो. तात्या अर्धा मिनिटही राहिले नाहीत.

“नदीपलीकडं एक जडीबुटीवाला बसतो,” ते म्हणाले. “सकाळी एक, तालमीआधी एक.”

मिरजेच्या इस्पितळात भालूला थेट आत घेतलं. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं: मी, तात्या आणि मगदूमबाई. वहिनी दाराला पाठ लावून उभ्या. शेवटी तात्यांनीच विचारलं, “बाई, असं कसं? ताप नाही, सूज नाही. मला वाटलं, त्याला काही झालंच नाही.”

“सूज म्हणजे दुखणं, असं वाटतं ना तुम्हाला? सूज म्हणजे शरीर कामाला लागल्याची खूण.” बाई हात चोळत म्हणाल्या. “खिळ्याबरोबर जंतू आत गेले. तिथं कायमच्या बसलेल्या काही पेशी असतात, पहाऱ्याला. त्या जंतूला नाव-गाव विचारत नाहीत. हा आपल्यातला दिसत नाही, एवढं त्यांना बास होतं.”

“आमच्या मंडळासारख्याच,” मी म्हणालो.

“तुमच्यापेक्षा शहाण्या. त्या शक्यतो परक्यावरच संशय घेतात.”

आणि बाई पुढे सांगू लागल्या.

“तर त्या बोंब ठोकतात. ती ऐकून आसपासच्या रक्तवाहिन्या फाकतात, रक्त धावतं, ती लाली. त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरतं, ती सूज. पांढऱ्या पेशी त्याच फटींतून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात, तो पू. बोंब मेंदूपर्यंत गेली की ताप. नाव-गाव विचारून नेमका बंदोबस्त करणाऱ्याही पेशी आहेत, पण त्या तयार व्हायला आठवडा जातो. तोवर माणसाला जगवतो तो हाच आरडाओरडा.”

“आणि भालूच्या पायात?”

“ओरडणाऱ्यांच्या तोंडावर हात ठेवला होता कुणीतरी. पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर, पण सगळ्या रंग लावून विंगेतच उभ्या. बोलावणंच नाही, तर रंगमंचावर येतील कशा? तिथं जंतूंचा एकट्यांचा प्रयोग चालला होता. त्या पुडीत स्टिरॉइड असणार.”

पुढे तपासणीत तेच निघालं.

“पण घसा तर सुटला की,” तात्या म्हणाले.

“घशाची सूजही तीच बोंब. तुमच्या गुडघ्याचीही तीच. पुडी एकाचंच तोंड धरत नाही, तात्या. सगळ्यांची धरते. तुम्हीही उद्यापासून माझ्या देखरेखीखाली कमी करायची. गाल बघा तुमचे.”

तात्यांनी गालाला हात लावला. आम्ही इतके दिवस ती प्राथमिक फेरीची प्रसन्नता समजत होतो.

भालूच्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. आतलं मांस कुजलं होतं, तिथं पन्हाळीसारखी खोल जखम करून ठेवली. रविवारी सांगलीत तेरदाळे राजा झाला. पदं चुकला नाही, पण प्रत्येक पदाआधी विंगेकडे बघत होता, जणू खरा राजा येऊन त्याला उठवेल. आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी नेपथ्याचं कौतुक केलं.

पण आमचं लक्ष नंबराकडे नव्हतंच. मिरजेच्या सर्जननी वहिनींना सांगून ठेवलं होतं, “औषधं चालू आहेत, पण जखम मेल्यासारखी पडून आहे. शरीरानं साथ दिली तर ठीक. नाही तर घोट्याच्या वरून काढावा लागेल.” कंडक्टरचा पाय घोट्याच्या वरून काढल्यावर कंडक्टर उरत नाही. पुडीचा अंमल जिना उतरावा तसा एकेक पायरीनं उतरवत होते, आणि आम्ही आळीपाळीनं जाऊन त्या पांढऱ्याफटक पायाकडे बघत बसत होतो. तात्या तर रोज पहिल्या गाडीनं यायचे. काठी टेकत; गुडघा पुन्हा धरला होता. भालूशी ते एक अक्षर बोलत नसत. पायाच्या बाजूला बसत आणि वहिनींनी चहा दिला तर पीत.

एक दिवस मी वॉर्डात शिरलो तेव्हा आतून घोगरी, फाटकी किंकाळी ऐकू आली. आवाज ओळखू आला नाही, इतका बसला होता. भालू पलंगाचा दांडा धरून नर्सला शिव्या देत होता. मिरज डेपोतसुद्धा न ऐकलेल्या. जखमेच्या कडा लालभडक, पाय वरपर्यंत गरम, घोटा दिसत नव्हता इतका फुगलेला. सर्जन वाकून बघत होते. कापसाच्या बोळ्यावर पिवळट काहीतरी टिपून त्यांनी ते वहिनींना दाखवलं.

“आलं बरं का शरीर जाग्यावर,” ते म्हणाले. “आता हा पाय वाचवू.”

“तात्या,” भालू त्या फाटक्या आवाजात विव्हळला, “फार दुखतंय हो!”

“दुखत असेल,” तात्या म्हणाले. “दुखत असेल रे बाळा.” आणि तोंडावर उपरणं धरून व्हरांड्यात गेले.

शैलावहिनी तेवढ्यात कुठे गेल्या कळलं नाही. परतल्या त्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आधी देवाचा म्हणून एक बाजूला काढला, मग सर्जनना, नर्सला, मला, आणि मग ओळीनं अख्ख्या वॉर्डाला. शेजारच्या पलंगावर पाय मोडलेल्या म्हाताऱ्याची बायको बसली होती. तिनं पेढा हातात घेतला आणि कौतुकानं विचारलं, “मुलगा का मुलगी गं?”

“सूज आली,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पूसुद्धा झालाय.”

बाईनं वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पेढ्याकडे. पेढा नाकाशी नेऊन हुंगला. मग हळूच आपल्या नवऱ्याला दिला, आणि त्याला काही होतंय का ते बघत बसली.